आमची लाईन चालू आहे

आमच्या घरी इंटरनेट येत नाही, इंटरनेटचे किस्से येतात. एक सांगायला घ्यावा तर मागून दोन तयार असतात, आणि ते मात्र कधी मध्येच अडकत नाहीत.

सुरुवात अगदी बारीक गोष्टीपासून झाली. हिवरखेडपासून पाचेक किलोमीटरवरच्या आमच्या गावातून मी अमरावतीच्या एका कंपनीचं काम करते. दवाखान्यांचे टाईप झालेले रिपोर्ट घरी बसून तपासायचे. बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, त्यांना सोडून मला कुठे जाता येत नाही. म्हणजे नोकरी करायची तर हीच, आणि इथूनच.

तर एका सकाळी व्हिडिओ मीटिंग चालू असताना बाबांच्या बाजेशेजारचा लँडलाईन वाजला. मी दचकले. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, ते सोडा. पण स्क्रीनवरच्या टीम लीडर मॅडमही तोंड अर्धं उघडं ठेवून थिजल्या. मोडेमवरचा तिसरा, इंटरनेटचा हिरवा लाईट विझला होता. बाबांनी फोन उचलला, राँग नंबर म्हणून ठेवला. पाच मिनिटांनी लाईट आला आणि मॅडमचं तोंड मिटलं.

आधी योगायोग वाटला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, मॅडम पुन्हा पुतळा.

* * *

मोबाईलचा टॉवर आमच्या घराला ओळख देत नाही. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. फायबर हमरस्त्यापर्यंत येऊन थांबलंय, बहुतेक गाव बघून घाबरलं. राहिली तांब्याची जुनी तार, फोन आणि इंटरनेट दोन्ही तिच्यावरच. ती हिवरखेडच्या एक्सचेंजपासून निघते आणि केळीच्या बागा, नाला, लोकांच्या शेतांचे धुरे-बांध ओलांडत येते. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्यात काय उरत असेल?

टाकीला टेकून मी कस्टमर केअरला फोन लावला. तिकडच्या मुलीने स्पीड विचारला. मी म्हटलं, पॉइंट चार. प्लॅन विचारला. मी म्हटलं, दहा.

"मॅडम, प्लॅनमध्ये 'दहापर्यंत' असं लिहिलंय," ती शांतपणे म्हणाली. "पॉइंट चार दहाच्या आतच आहे ना?"

गणित तिचं बरोबर होतं. मी आपली तक्रार तेवढी नोंदवायला लावली.

* * *

तक्रार घेतली की ते लोक तपासायला फोन करतात. कुठे? लँडलाईनवर. आणि लँडलाईन वाजला की इंटरनेट जातं, हीच तर तक्रार.

एकदा फोनजवळ मीच होते. खरखरीतून आवाज आला, इंटरनेट चालू आहे का बघा. मी सांगितलं, तुम्ही फोन केलात म्हणून आत्ताच गेलं.

"पण फोन तर चालू आहे ना, मॅडम?"

माणूस दवाखान्यात गेला आणि डॉक्टर म्हणाला, चालत आलात म्हणजे बरे आहात. तसलं हे खातं.

* * *

त्यात मॅडमचा निरोप आला. सोमवारी अकराची मीटिंग माझ्यासाठी शेवटची परीक्षा. एकदाही तुटली नाही तर काम चालू, तुटली तर अमरावतीला येऊन ऑफिसात बसायचं, नाहीतर राहू द्यायचं. मॅडम सगळं गोड बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते.

त्याच आठवड्यात माझी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. "ग्राहकाशी बोलून खात्री केली." मी दुसरी नोंदवली, तीही बंद. तिसरीही. ग्राहक तर मी. मग माझ्या नावाने कोण बोलतंय? दोन दिवस मी घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं. म्हणजे बाबांकडे आणि मांजरीकडे.

* * *

शेवटी शनिवारी टेलिफोनचे लाईनमन गजूभाऊ आले. खांबापासून घरापर्यंतच्या तारेवर माझ्या मोठ्या आईची, म्हणजे शेजारी राहणाऱ्या बाबांच्या वहिनीची, दोन ओली लुगडी होती. तार झोपाळ्यासारखी लोंबत होती. गजूभाऊंनी हात जोडून लुगडी काढायला सांगितली.

"बाप्पा, तार तं रिकामीच होती," मोठी आई म्हणाली. "तुमचं काय वाळून राह्यलं होतं तिच्यावर?"

गजूभाऊंनी विषय सोडून दिला. सरकारी माणसं एवढ्यातच हरतात.

* * *

मग त्यांनी मला विचारलं, ताई, तीन तक्रारी तुम्हीच बंद करायला लावल्या, आता चौथी कायले? मी रडायच्या बेतात. त्यांनी मोबाईल काढून शेरा वाचला. तिन्ही वेळा एकच होता: "ग्राहक म्हणाले, लाईन चालू आहे."

बाजेवरून बाबा म्हणाले, "होतीच न चालू. पंखा फिरून राह्यला होता."

आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. लाईन गेली, लाईन आली, आज शेतात लाईन नाही, असंच बोलतात सगळे. तक्रार तपासणारा पुण्याकडचा कोणी पोरगा फोनवर विचारायचा, "काका, लाईन चालू आहे का?" बाबा वर पंख्याकडे बघायचे आणि प्रामाणिकपणे हो म्हणायचे. वर पोराला आशीर्वादही द्यायचे, की विजेची चौकशी करणारं खातं पहिल्यांदाच पाहिलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना शिकवायला बसले. कोणी लाईन विचारली तर नाही म्हणायचं. असली तरी? असली तरी.

"पण खोटं काहून बोलू मी?"

"माझ्या नोकरीसाठी, बाबा."

बाबांनी एकदा पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, बरं.

* * *

सोमवारी सकाळी नऊला, तारेतला बिघाड शोधायला, मी गजूभाऊंच्या मागे मागे केळीच्या बागेत. भरवसा नव्हता म्हणून गेले, शिडी धरायचं निमित्त. बागेतल्या खांबावर तारेला एक जोड होता, त्यावर कॅरीबॅग गुंडाळलेली, आत मुंगळ्यांचा संसार. तांबं हिरवं पडलेलं.

गजूभाऊ वरूनच कडाडले, की असलं गावठी काम कोणत्या नालायकाने केलं. कॅरीबॅग सोडवली, उलटी करून पाहिली. तिच्यावर दुकानाचं नाव होतं. त्यांच्याच मेव्हण्याचं किराणा दुकान.

गजूभाऊंनी कॅरीबॅगची घडी करून ती खिशात घातली. जोड मात्र सुरेख केला.

खाली उतरून म्हणाले, "लावा आता घरी फोन. वाजताना तिसरा लाईट टिकला तं जिंकलो."

लाईटवर नजर ठेवायचं बाबांना निघतानाच सांगून ठेवलं होतं. मोबाईलवर साडेदहा, आणि बागेत रेंजही होती. मी नंबर लावला. एक रिंग, दोन, चार. बाबांना कूस बदलायला वेळ लागतो, मला माहीत होतं, तरी मी रिंगा मोजत होते. सात. आठ. गजूभाऊ शिडीला हात लावून माझ्या तोंडाकडे बघत होते.

फोन उचलला गेला. खरखर नाही, काही नाही. आवाज इतका स्वच्छ की मागे पंख्याची करकर ऐकू आली. मी हॅलो म्हणायच्या आत बाबा बोलले, पाठ केल्यासारखं, ठासून:

"नाही जी, लाईन नाही आमच्याकडे. पंखा फिरून राह्यला, तिसरा लाईट हिरवागार आहे, पण लाईन बिलकुल नाही."