चिंचिलाचे तळवे आणि सासऱ्यांचा मुक्काम

मुलगी पुण्याला कॉलेजात गेली आणि पहिल्याच वर्षी, उच्च शिक्षणाचा ठोस पुरावा म्हणून, एक चिंचिला घेऊन लातूरला आली. चिंचिला म्हणजे लहान सशाएवढा, राखाडी, उंदराच्या कानांचा आणि खारीच्या शेपटीचा प्राणी. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांवरचा. पुण्याच्या घरमालकिणीने त्याला एका दिवसात बाहेर काढायला सांगितलं होतं. जवळपास थंड डोंगर न सापडल्यामुळे मुलीने लातूर निवडलं, आणि तेही मार्चमध्ये.

सोबत चार पानी सूचना होत्या. खोली गार हवी, नाहीतर तो उष्माघाताने जाईल. आंघोळ पाण्याने नाही, बारीक मातीच्या भुकटीत. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. बायकोने जेव्हा जेव्हा एसी मागितला, तेव्हा मी तिला कूलरचे शास्त्रीय फायदे समजावून सांगितले. चिंचिलासाठी एसी आठवड्याच्या आत बसला. बायको आपली उशी उचलून त्या खोलीत राहायला गेली.

पिंजऱ्याचं मात्र मी स्वतः मनावर घेतलं. तीन मजली पिंजरा आणला. भिंती जाळीच्या, मजले जाळीचे, तळही जाळीचा. लेंड्या आपोआप खालच्या ट्रेमध्ये पडतात, अशी त्यातली अक्कल. मी शिकवणीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे असली सोय दिसली की मला भरून येतं. तळ सपाट हवा, असं मुलीच्या सूचनांत तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. मी दोन पानं वाचली होती. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं तर मी पालकांना बोलावतो.

दोन महिने पिंजरा चकाचक राहिला. येणारे-जाणारे एसीत बसून चहा पीत आणि 'हा उंदीर हाय का ससा?' यावर चर्चा करत. मग एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, हा उड्या मारत नाही हल्ली. एक पाय उचलून बसतो."

"मूड नसेल," मी म्हणालो. बावीस वर्षांत बऱ्याच दुखण्यांचं निदान मी याच शब्दांत केलं आहे.

दुसऱ्या दिवशी जाळीवर रक्ताचा डाग दिसला. बायकोने त्याला अलगद उचलून उताणं धरलं. मागच्या दोन्ही पायांचे तळवे लालभडक झाले होते. उजव्या टाचेवर खपली, आणि तिच्या कडेने ओली जखम.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मी फोटो टाकला. तासाभरात हळद, खोबरेल तेल, बाम आणि एका मावशींकडून शुभ सकाळ, एवढे उपचार आले. गावातले जनावरांचे डॉक्टर म्हशी आणि कुत्री यांत निष्णात. त्यांनी चष्मा पुसून तळवे बघितले आणि म्हणाले, "सर, खरं सांगू? हे जनावर मी पहिल्यांदाच बघून राहिलो. अंदाजाने औषध देणार नाही." आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे इतक्या सहज सांगणारा माणूस आमच्या शिकवणीच्या धंद्यात मला अजून भेटलेला नाही.

"माझ्या बाबांना विचारा," बायको म्हणाली.

हाच तर प्रश्न होता. सासरे नांदेडला राहतात. सरकारी नोकरीत ते पशुधन पर्यवेक्षक होते, सगळी हयात गुराढोरांच्या दवाखान्यांत गेली. आमचं लग्न ठरताना त्यांनी "पोरगा बोलतो लई" एवढाच शेरा मारला होता. तेव्हापासून आमच्यात दिवाळी-दसऱ्यापुरतं बोलणं. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला सर म्हणतात, आणि त्यातला आदर मला अजून सापडलेला नाही. शिवाय ते आमच्या घरी कधी मुक्कामाला राहिले नव्हते.

शेवटी मीच फोन केला. ऐकून घेऊन ते म्हणाले, "जनावर आना. त्याचं घर बी आना."

मे महिना. पहाटे आम्ही दोघं निघालो, गाडीचा एसी पूर्ण सोडलेला, टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली चिंचिलाच्या टोपलीशेजारी. अहमदपूर, लोहा करत उन्हं चढायच्या आत नांदेड गाठलं. मामांनी टोपलीत डोकावून बघितलं, एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्याने मागून आधार देत त्याला उचललं, तळवे पाहिले आणि परत ठेवलं. मग मी आणलेली तळाची जाळी त्यांनी फरशीवर टाकली.

"सर, चप्पल काढा. उभं ऱ्हावा ह्याच्यावर."

"मामा, मी?"

"मंग कोन?"

मी उभा राहिलो. मिनिटभर बरं वाटलं. मग तारा तळव्यात रुतायला लागल्या. मी वजन या पायावरून त्या पायावर घेऊ लागलो, अगदी त्या चिंचिलासारखा. बायको दारात उभी राहून छताकडे बघत होती.

"उतरू का?"

"किती झालं?"

"दोन मिनिटं."

"ह्यो दोन महिने उभा हाय. ह्याला कोनी उतर म्हनलं न्हाई."

बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. क्षेत्रफळ कमी, दाब जास्त. हे मी दरवर्षी नव्या बॅचला शिकवतो, फळ्यावर बाणबीण काढून. मी खाली उतरलो आणि चप्पल शोधायच्या निमित्ताने बराच वेळ मान खाली घातली.

औषध मामांनीही दिलं नाही. त्यांच्या जुन्या साहेबांची मुलगी नांदेडातच लहान प्राण्यांवर उपचार करते, तिच्याकडे नेलं. तिने एक्स-रे काढला. जखम हाडापर्यंत गेली नव्हती. तिने मोजून औषधं दिली आणि बजावलं की मेडिकलमधून मनाने काही आणू नका, माणसांना चालणारी काही औषधं याच्या पोटाला घातक असतात. दिवसातून दोनदा सलाईनने जखम धुवायची, मलम लावायचं, जखम भरेपर्यंत मातीची आंघोळ बंद. आणि जाळी आजच्या आज काढायची.

"दोनदा कोन करनार? सर तं क्लासला," मामा म्हणाले. आणि आपली पिशवी भरू लागले.

ते लातूरला पाच आठवडे राहिले. सुताराकडून साध्या लाकडाच्या फळ्या आणून प्रत्येक मजल्यावर बसवल्या. वर जुन्या मऊ कापडाच्या घड्या. त्या कापडांच्या कडा त्यांनी चष्मा लावून हाताने शिवल्या, कारण सुटा दोरा बोटाला गुंडाळला तर बोट जातं म्हणे. मी टॉवेलात चिंचिला धरायचो, ते जखम धुवायचे. पहिल्या दिवशी मी घट्ट धरला तर माझ्या मुठीत केसांचा पुंजका राहिला आणि चिंचिला कपाटाखाली गेला. "सोडून धरा," मामा म्हणाले. सोडून धरायचं म्हणजे काय, हे शिकायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "हाव, आता जमलं." इतकी शाबासकी मला त्यांच्याकडून पूर्वी मिळाली नव्हती. मी ती दिवसभर क्लासमध्ये मिरवली, अर्थात कोणाला न सांगता.

या सगळ्या काळात मुलीला मी रोज 'एकदम मस्त आहे' असं कळवत होतो आणि मार्चमधले फोटो पाठवत होतो. परीक्षा संपवून ती जूनमध्ये आली. तोवर डावा पाय बरा झाला होता. उजव्या टाचेवर मात्र टणक, केस नसलेला चट्टा राहिला. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा तळवेच बघितले.

"बाबा, हे काय?"

मी सांगितलं. जाळी, तिसरं पान, नांदेड, सगळं.

"मला का नाही कळवलं?"

"तुझी परीक्षा होती."

"म्हणून खोटे फोटो?"

ती चिंचिलाला घेऊन आजोबांशेजारी जाऊन बसली. मामांनीही मध्ये पडून मला वाचवलं नाही. ते तिला टाच दाखवत होते, कुठे दाबून बघायचं, कुठे नाही.

चिंचिला आता सगळ्यात वरच्या मजल्यावर उडी घेत नाही, दुसऱ्यापर्यंतच जातो. मी मधला मजला थोडा खाली आणून बसवला आहे. मामा दर रविवारी फोन करतात. माझी तब्येत विचारत नाहीत, टाच विचारतात. मी ती उजेडात नीट बघून सांगतो, आणि ते म्हणतात, "बरं. फोन द्या माझ्या लेकीला."