दोन वर्षं तेच माप

शाळेचे गणवेश शिवणारी म्हणून सगळी गल्ली तिला ओळखायची. लग्नाच्या भानगडीत ती पडलीच नाही. भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसली, ती बसलीच. भावाच्या लेकीला ती लाडाने 'बटण' म्हणायची.

बटण बारा वर्षांची झाली तेव्हा आत्याने स्कर्टसाठी टेप लावली, मापांची वही उघडली आणि टेप पुन्हा लावून पाहिली. दोन वर्षांत जेमतेम दोन बोटांचा फरक.

"दादा, हिची उंची थांबलीय."

"मग तू-मी कुठे ताडमाड आहोत? वाढेल की."

"आपण बुटके आहोत. ही थांबलीय."

भाऊ कानाडोळा करतोय म्हटल्यावर तिने हातातलं काम बाजूला सारलं आणि पोरीला घेऊन स्वतःच इस्पितळ गाठलं. मनगटाच्या एक्स-रेत हाडं आठ-नऊ वर्षांच्या मुलीची दिसली. मग एके दिवशी सकाळपासून थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून तपासलं.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्यातून वाढीचं हार्मोन पुरेसं येत नाही. ते आपण बाहेरून देऊ. रोज एक इंजेक्शन, काही वर्षं."

"किती उंच होईल?"

"घरच्यांइतकी होईल, अशी आशा. जादू नाही ही."

आता सुई टोचायची कुणी? भावाने मान फिरवली, वहिनी स्वयंपाकघरात गेली. दिवसभर सुयांशी खेळणारी आत्याच पुढे झाली. पण मांडीपाशी नेलेली सुई तिनेही मागे घेतली.

"कापडाला दुखत नाही गं," ती पुटपुटली.

"आण इकडे," म्हणत बटणानेच इंजेक्शनचं पेन घेतलं आणि मांडीत टोचलं. तेव्हापासून टोचायचं काम तिचं. आत्याने शेजारी बसून दहा आकडे मोजायचे.

पहिल्याच वर्षी ती नऊ सेंटिमीटर वाढली. भाऊ येईल-जाईल त्याला सांगायचा, "मी म्हणत होतोच, वाढेल." आत्या दोरा दाताने तोडायची आणि हसू दाबायची.

पुढे वेग मंदावला. चौदाव्या वर्षी बटण हट्टाला पेटली. आठवडाभर पेनला शिवली नाही. "कंटाळा आला मला रोज आजारी असल्यासारखं वागायचा." आत्या रागावली नाही. रोज ठरल्या वेळी येऊन नुसती शेजारी बसायची. आठव्या दिवशी बटणाने आपणहून पेन उचललं.

सोळाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे दाखवला. हाडांची टोकं जुळत आली होती. औषधाने आता फारसं काही वाढणार नव्हतं. उंची भरली दीडशे सेंटिमीटर.

परतताना बसमध्ये बटण म्हणाली, "अजून चार बोटं हवी होती."

"हवी होती," आत्या म्हणाली. समजूत घातली नाही, फक्त तिचा हात हातात घेतला.

त्या सुट्टीत बटणाने पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. मांडीवरचे काळेनिळे डाग कुणी बघेल म्हणून इतकी वर्षं टाळत होती. आत्या काठावर तिचा टॉवेल सांभाळत बसते, आणि पोरगी खोल पाण्याकडे निघाली की उठून उभी राहते.