अकोल्याची ती मॅच सुधाकर काकांच्या नावावर

रविवारी अकोल्याला आमची मॅच झाली आणि आम्ही हरलो. हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण हरून इतकी खूश मी आजवर घरी आले नव्हते...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी अमरावतीच्या मुलींना रग्बी शिकवते. त्याआधी भारताच्या टीमकडून खेळले. "इंडियाकडून?" म्हणून लोकांचे डोळे मोठे होतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग जिंकलं काय?"

तर आमची प्रणाली. चांदूर बाजारची पोट्टी, कबड्डीत वाढलेली, आणि पळायला लागली की मागे नुसती धूळ. यंदा तिला इंडियाच्या कॅम्पचं बोलावणं आलं. मी पेढे वाटायच्या तयारीत होते, आणि तिचे बाबा, सुधाकर काका, अडून बसले.

त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. कॅम्प आणि पोलीस भरतीची मैदानी परीक्षा नेमकी एकाच वेळी आली होती. "मॅडम, ज्या टीमले जिंकनं माईत नाई, तिच्यासाठी पोरीची भरती घालवू का मी?" असा सरळ सवाल.

आता खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, काका, हरलो. लय हरलो. सुरुवातीला तर समोरच्यांचे पॉइंट मोजता मोजता पंच दमायचे आणि आम्हाला भोपळाही फोडता यायचा नाही.

मग एकदा आमच्यातल्या एकीने बॉल पार पलीकडच्या रेषेमागे नेऊन टेकवला. याला ट्राय म्हणतात. ती मॅचही हरलोच, पण रात्री हॉटेलच्या खोलीत आम्ही अशा नाचलो की खालचा माणूस तक्रार घेऊन आला. पुढे हरण्यातलं अंतर कमी होत गेलं, मग एक मॅच जिंकली, मग आणखी एक... मोठ्या टीम आजही धुतात आम्हाला. पण आता धुताना त्यांना घाम फुटतो!

काकांना काही पटेना. ते स्वतः एकेकाळचे कबड्डीपटू, पंचक्रोशीत नाव. म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. रविवारी अकोल्याला या, पोरीला खेळताना बघा, मग काय ते ठरवा.

आले. "जय भीम मॅडम" म्हणाले आणि मैदानाच्या कडेला हात बांधून उभे राहिले, चेहरा एकदम परीक्षकाचा.

मॅच सुरू झाली. अकोल्याची कॅप्टन बॉल घेऊन सुसाट निघाली आणि प्रणालीने तिला कमरेत धरून खाली घेतलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात कानाशी तोफ... "सोडू नोको प्रणे! धरून ठेव!"

पोरीला मी किती घोटवलंय, पाडलं की सोड, पाडलं की सोड. पण बापाचा आवाज तो! लहानपणापासून कबड्डीच्या मैदानावर ऐकलेला. धरून ठेवलं तिने. शिट्टी वाजली, पेनल्टी त्यांना गेली, अकोल्याच्या पोरीनं धूम ठोकली आणि ट्राय.

काका पंचावर भडकले. "पकड तं पक्की होती, कावून शिट्टी मारली?" मी समजवायला तोंड उघडते तोवर दुसऱ्यांदा तेच. तीच आरोळी, तीच शिट्टी, पुन्हा ट्राय.

मध्यंतरात त्यांना बाजूला घेतलं. काका, कबड्डीत पकडलं की धरून ठेवायचं. इथे पाडलं की लगेच सोडायचं, उभं व्हायचं आणि मग बॉलवर झडप घालायची. धरून ठेवलं की फाऊल.

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजे ते दोन्ही... माह्यापायी झाले?" हो म्हटलं. उगाच गोड कशाला बोलू?

बाप्पा, दुसऱ्या हाफमध्ये हा माणूस पार बदलला. "सोड माय! सोड! ऊठ आता!" प्रणालीच्या हातात बॉल होता तेव्हाही "सोड" ओरडले, शेवटी मी दंड धरून गप्प केलं.

आणि मग ते झालं. प्रणालीने पाडलं, सोडलं, डोळ्याची पापणी लवायच्या आत उठली, बॉल हिसकावला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी पळाली. ट्राय! काका माझ्या खांद्यावर थापा मारत होते, अजून दुखतोय.

एका ट्रायने हरलो. तो एक ट्राय कुणामुळे गेला, हे काकांना बरोबर माहीत होतं.

मॅचनंतर अकोल्याच्या मुली दोन रांगा करून उभ्या राहिल्या आणि आमच्या मुली मधून जाताना टाळ्या वाजवू लागल्या. रग्बीत ही पद्धतच आहे. मग दोन्ही टीम सावलीत बसून आलूबोंडे खाऊ लागल्या. काका बघतच राहिले. त्यांच्या हातात आलूबोंडा ठेवला तो अकोल्याच्या कॅप्टननेच. म्हणाली, "काका, पुढच्या बारीले बी या. तुमी आमाले लय लकी आहे."

बसस्टँडकडे काका झपाझप पुढे निघाले. प्रणाली खाली मान घालून चालत होती. हरलो म्हणजे कॅम्प गेला, असंच धरून चालली होती बिचारी... आणि खरं सांगते, मीही.

बस लागली तेव्हा ते तिला म्हणाले, "भरती का, पुढच्या साली बी निघन. तू जाय कॅम्पले." पोरगी तिथेच, सगळ्या गर्दीत, रडायला लागली. मी पण.

काका बसच्या पायरीवर चढले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या त्या हारन्याच्या हिशोबात आजची मॅच माह्या नावावर टाका. पोट्टीच्या नाई."

इतकी वर्षं "जिंकलं काय?" विचारणारे खूप भेटले. हरणं स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला.

टाकली काका. ही बघा, सगळ्यांसमोर तुमच्या नावावर टाकली. थँक्यू.