गारा सरगुज्याला, वड्या रुआबांध्याच्या

आधी कालची चूक दुरुस्त करते. ब्लॉकच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं की आज पावसासोबत गारा पडतील आणि पहाटे दव गोठेल. तो अंदाज उत्तरेकडच्या सरगुज्याचा होता. आपल्या दुर्ग-भिलाईसाठी फक्त थंडी वाढेल, एवढंच होतं. गावाचं नाव आधी वाचायचं, हे बाबांनी मला घरीच शिकवलं होतं. तरी चुकले.

आपल्या रुआबांध्यातल्या, माझ्या खालच्या क्वार्टरमधल्या शोभाकाकूंनी माझं वाचून उन्हात वाळवायच्या कोहळ्याच्या वड्या घातल्याच नाहीत. कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून तयार होती. लेकीच्या सासरी, नागपूरला, पहिल्यांदाच पाठवायच्या होत्या. त्या घेऊन काका पुढच्या शुक्रवारी निघतात.

आज लख्ख ऊन पडलं. दुपारी माफी मागायला गेले, तर काकू त्याच पिठाचे वडे तळत होत्या.

"माफी कायची मागून राहिली वं? तुह्या गारायनं साऱ्या ब्लॉकाले वडे खाऊ घातले!"

"पण काकू, ताईच्या वड्या?"

त्यांनी कढईतले वडे उलटले. "कोहळा तं संपला. राहू दे, पुढच्या वर्षी पाहू."

वडे छान होते, पण मी एकच घेतला.

संध्याकाळी अंदाज पुन्हा वाचला, या वेळी दुर्गच्या नावासमोरचा. शनिवारी रिमझिम, रविवारपासून चार दिवस कोरडं ऊन. कोणाच्या वेलावर पिकलेला कोहळा आहे का? असेल तर कळवा, न्यायला मी येते. रविवारी रात्री डाळ वाटेन आणि सोमवारी सकाळी ब्लॉकच्या गच्चीवर काकूंच्या वड्या घालेन.