चौथी फिल्म

तिसरी फिल्मही पांढरीफटक निघाली, तेव्हा मी डेव्हलपरच्या नावानं बोटं मोडली. डेव्हलपर म्हणजे एक्स-रे धुवायचं औषध. ते बिचारं आदल्याच दिवशी बदललेलं.

टेबलावर देवणीची राधा होती, वय एक वर्ष. खाटेवरून घसरली एवढ्यानं मांडीचं हाड मोडलेलं.

"मामा, लेकरू लई रडायलंय. अजून किती फोटू?" आईनं विचारलं.

"ताई, काझीच्या हातची फिल्म नापास होत नसते."

भूकंपाच्या छावण्यांत मी ढिगानं एक्स-रे काढले होते. तेव्हापासून लातुरात माझं नाव होतं, आणि ते सगळ्यात जास्त मीच घ्यायचो. बाहेर डॉक्टर व्हायला आलेली कोचिंगची पोरं आधी पेशंट होऊन बसली होती. घाई होती.

मी केव्ही वाढवला. केव्ही म्हणजे किरणांचा जोर. तो वाढवला की हाड फिल्मवर कमी पांढरं दिसतं. चौथी फिल्म झकास आली. राखाडी हाड, मधोमध तडा. आधीच्या तीन कचऱ्यात.

"वा, काझी!" आमचे डॉक्टर तडा बघून म्हणाले. प्लास्टर घातलं. मी कॉलर ताठ केली.

सहा-सात महिन्यांनी राधा आजोळी कंधारला असताना दुसरा पाय मोडला. तिला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या जुन्या एक्स-रेच्या पाकिटावरचा नंबर बघून मला फोन लावला.

"तुमच्याकडं फिल्म पांढरी आली नव्हती?"

"आली होती साहेब. मी दुरुस्त केली."

ते मग म्हणाले, "अहो, तोच तर आजार होता."

त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. हाड सतत बनत असतं, आणि काही पेशी जुनं हाड खाऊन जागा करत असतात. या पेशी हाडाच्या आतल्या मज्जेत तयार होतात, पण जनुकांचा हुकूम मिळाला तरच. राधाला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून ते जनुक बिघडलेलं मिळालं. आईबापाकडं एकेक चांगलं होतं, म्हणून ते ठणठणीत. राधाच्या अंगात हाड खाणारं कुणी तयारच झालं नाही. हाड साचत गेलं, म्हणून फिल्म पांढरी. दिसायला दगड, मोडायला खडू. कवटीतून नसा जायच्या वाटाही अरुंद झाल्या.

"डोळ्यांच्या नसा दबल्यात. तेव्हाच कळलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही.

मुंबईच्या दवाखान्यात राधाच्या थोरल्या भावाची मज्जा जुळली, ती तिला दिली. नव्या पेशी कामाला लागल्या, पोर वाचली. नजर मात्र परत आली नाही.

राधाला घेऊन तिची आई लातुरात आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, फेकलेल्या तिन्ही फिल्मांसकट.

"मशीनच तसं असंल, मामा," ती म्हणाली.

"मशीन नीट होतं, ताई."

तिनं राधाला कडेवर घेतलं आणि निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना सांगतो, बिघडलेली फिल्म फेकायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायची. का, असं विचारलं की म्हणतो, नियम आहे. कुणामुळं झाला, ते सांगायला अजून जीभ रेटत नाही.