अस्वल ज्या दारी येत नव्हतं

व्लास्ताबाईंचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता. चुलीशी जायच्या, खिडकीशी यायच्या. खाली चर्चपाशी बँड सुरू झाला, म्हणजे अस्वल निघालं. कामेनोवात ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होण्याआधी अस्वलाचं सोंग दारोदार फिरतं, घरच्या बाईला धरून नाचतं, मगच त्या घराचं वर्ष सुखाचं जातं. यांच्या दारी मात्र ते येत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वरच्या गल्लीतल्या जर्मनांना हाकललं आणि त्यांच्या घरांत कुठून कुठून आणून माणसं बसवली. त्यांत आईचा झगा धरून आलेली व्लास्ता ही पोर. पहिल्याच वर्षी अस्वल दारात उभं राहिलं. आईने बिचारीने लुटारू समजून धाडकन कडी घातली. झालं! काचेचा कारखाना बंद पडला, सरकारं आली नि गेली, पण हे गाव ती कडी विसरेल तर शपथ!

दरवर्षी व्लास्ताबाई जॅम भरलेले गोळे तळत आणि नवरा चिडवी, "खा आता तूच, तुझं अस्वल गेलं पुढे!" यंदा तोही नव्हता. पुढचं वर्ष एकटीने काढायचं, तेही नाचाशिवाय? छे!

बँड शेजारच्या घरातून निघाला आणि यांचं दार टाळून पुढे सरकला. तशा बाई चपलांनिशी बर्फात धावल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"ऑटाकार, थांब रे मेल्या! माझ्या घराला काय काटे लागलेत?"

अस्वलाने मुंडकं काढलं. आत घामाने निथळणारा ऑटाकार खाटीक.

"अहो काकू, बंद दारी अस्वल जात नाही. आजोबांच्या वेळेपासूनचं आहे ते. तुमचं दार उघडं कधी दिसलंय का? बघा की, आत्तासुद्धा!"

बाईंनी मागे वळून पाहिलं. एवढ्या घाईतही त्यांनी दार ओढून घेतलं होतं, आईने लहानपणी शिकवलं होतं तसं. इतकी वर्षं त्या खिडकीतूनच वाट बघत राहिल्या होत्या. त्यांना रडूच कोसळलं.

"रडता काय, उघडा ना!" ऑटाकारने मुंडकं चढवलं.

बाईंनी दार सताड उघडलं. अस्वलाने त्यांना स्वयंपाकघरभर गरागरा फिरवलं. नवऱ्याची खुर्ची कलंडली, फरशीवर चिखल झाला, ताटातले गोळे बघता बघता संपले.

बँड गल्लीच्या टोकाला गेला. घरात बोचरा वारा शिरत होता. बाई कोट चढवून खुर्चीवर बसल्या, दोनदा उठल्या, दारापर्यंत गेल्या. लावायला काही त्यांचा हात होईना.