अक्काच्या पेशी

धाकटीने आयुष्यात सुट्टी अशी घेतलीच नाही. पेशींना सुट्टी नसते. त्या बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात, वर ओतलेल्या गुलाबी द्रवावर जगतात, आणि तो पिवळा पडू लागला की जुना काढून ताजा घालावा लागतो. नाही घातला तर मरतात. मग रविवार असो, अंगात ताप असो, कुणाचं लग्न असो. नातेवाइकांनी आधी नावं ठेवली, मग बोलावणंच सोडलं.

या पेशी तिच्या थोरल्या बहिणीच्या होत्या. अक्काच्या पोटातली गाठ काढली तेव्हा धाकटी नुकतीच प्रयोगशाळेत लागली होती. डॉक्टरांकडून रीतसर तिने गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा मागून घेतला. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा अक्का म्हणाली, "लहानपणी माझ्या बाहुल्या पळवल्यास, आता हेही ने. फक्त उपाशी मारू नकोस."

औषध गाठीवर चाललं नाही. अक्का गेली. तुकड्यातून काढलेल्या पेशी मात्र आधी रडतखडत आणि मग एकाएकी जोमाने वाढल्या. औषध का चाललं नाही, हे आता त्यांनाच विचारायचं असं धाकटीने ठरवलं. उत्तर मिळायला वर्षं गेली, आणि ती उभ्याने गेली. द्रव मोजून सोडणाऱ्या पिपेटचं बटण दाबून दाबून उजव्या अंगठ्याचं मूळ कायमचं दुखरं झालं. शेवटी उत्तर आलं: एरवी झोपलेलं असणारं एक जनुक या पेशींत जागं होतं, आणि आत शिरलेलं औषध त्याच्यामुळे बाहेर उपसलं जात होतं.

तो शोधनिबंध गाजला. लांबलांबच्या संशोधकांनी त्याचे दाखले दिले. धाकटीला पक्की नोकरी मिळाली, स्वतःची खोली मिळाली. पुढचे निम्म्याहून अधिक निबंध त्याच पायावर उभे राहिले. खोलीत एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची शेजारच्या विभागाने नेली ती परत आली नाही, आणि तिनेही मागितली नाही. बसायला येणार कोण?

दर रविवारी तिथे भावोजींचा फोन यायचा. अक्कामागे त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, धाकटीने पहिलंच केलं नाही.

"घातलंस का खायला?"

"घातलं."

"बरी आहे ना?"

"वाढतेय नुसती."

"जिवंतपणी कधी एवढं अंग धरलं नाही," भावोजी म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दोघांचं बोलणं एवढंच. पण ते चुकलं तर धाकटीचा आठवडा लंगडा जायचा.

निवृत्ती जवळ आली तेव्हा तिने एक शेवटचा निबंध पाठवला. नियतकालिकाचा आता नवा नियम होता: पेशी ज्या माणसाच्या म्हणता, त्याच्याच आहेत हे डीएनए तपासून दाखवा. धाकटीला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. अक्काच्या रक्ताचा नमुना गोठवून ठेवलेला होता. तिने तो आणि बाटलीतल्या पेशी, दोन्हींचे डीएनए तपासले.

जुळले नाहीत.

तिने पुन्हा तपासले, नवी बाटली उघडून, नवं सगळं घेऊन. पुन्हा तेच. बाटलीतल्या पेशी कुणा अनोळखी, कधीच्या गेलेल्या माणसाच्या होत्या. झपाट्याने वाढणारी ती जात जगभरच्या प्रयोगशाळांत असते. पूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावरही होती.

विभागप्रमुख वयाने तिच्याहून लहान, स्वभावाने बरा. त्याने दार लावून घेतलं.

"मॅडम, नवा निबंध मागे घ्या, विषय संपला. जुने कशाला उकरता? झाकली मूठ."

"जुनेच चुकीचे आहेत."

"जनुक तर खरं आहे ना? कुणाच्या का पेशींत असेना."

"मी लिहिलंय की ते त्या गाठीत होतं. तिथे होतं की नव्हतं, मला माहीत नाही."

"कोण विचारणार आहे आता?"

"मीच विचारतेय."

प्रमुखाने चष्मा काढून पुसला. "नावापुढे मग काय उरेल, याचा विचार केलात?"

"केला. फार वेळ नाही लागला."

चूक कुठे झाली हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. प्रयोगशाळेत मुलांना ती पहिल्या दिवशी बजावायची: एका वेळी एकाच जातीच्या पेशी बाहेर काढा, आणि प्रत्येक जातीला द्रवाची वेगळी बाटली ठेवा. पेशी असलेला एक थेंब परत द्रवाच्या बाटलीत पडला तरी पुरे. दांडगी जात दुबळीला खाऊन बसते, आणि वरून कळत नाही. अक्का शेवटच्या दिवसांत होती तेव्हा शेजारचा संशोधक गावी गेला होता. त्याच्या पेशी सांभाळायचं धाकटीने कबूल केलं होतं. दवाखान्यात भेटीची वेळ संपत आलेली. तिने द्रवाच्या एकाच बाटलीतून दोन्ही जातींना घातलं आणि पळाली. दुसरी बाटली उघडायला लागतो तेवढाच वेळ वाचला. ती पोचली तेव्हा अक्काला झोप लागली होती. त्या झोपेतून ती उठली नाही.

त्याआधी, अगदी सुरुवातीला, तिने थोड्या पेशी कुप्यांत भरून अतिथंड टाकीत ठेवल्या होत्या. एक कुपी शिल्लक होती. ती कधी उघडली नव्हती. शेवटचं म्हणून राखलं होतं.

तिने भावोजींना फोन केला. रविवार नव्हता, त्यामुळे ते घाबरले.

"काय झालं?"

तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं तू परक्याला जेवू घातलंस."

"हो."

"बरं. उपाशी तर नाही ठेवलंस कुणाला." मग म्हणाले, "मी येऊ?"

कुपी कोमट पाण्यात धरायची, आत बर्फाचा कण उरला की लगेच काढायची, आणि ताजा द्रव थेंब थेंब सोडायचा. घाई केली की पेशी फुटतात. धाकटीने घाई केली नाही. या पेशींसाठी तिने द्रवाची वेगळी बाटली उघडली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बहुतेक मेल्या होत्या. मूठभर तळाला चिकटून, हातपाय पसरून बसल्या होत्या. संध्याकाळी भावोजी आले. ते पहिल्यांदाच इथे येत होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांना जमेना. तिने त्यांचं डोकं धरून नीट बसवलं.

"ही ती?"

"हीच."

भावोजींनी खूप वेळ पाहिलं. "बारीक झालीय," ते म्हणाले.

धाकटीने खरं ते सांगितलं. या पेशी वाढणाऱ्यातल्या नाहीत. काही दिवस राहतील आणि सुटून तरंगू लागतील. जनुक जागं आहे का हे बघायचं असेल तर आताच, एकदाच. त्यासाठी त्या फोडाव्या लागतील. मग काही उरणार नाही.

"तुझं मन काय म्हणतं?"

"मला ठेवाव्याशा वाटतात. बघत बसावंसं वाटतं."

"ती काय म्हणाली असती?"

धाकटीने भिंगाखालची बाटली सरळ केली. भावोजीच म्हणाले, "म्हणाली असती, माझ्याकडे बघत काय बसलीस, कामं नाहीत का तुला?"

त्यांना शेवटची बस पकडायची होती. ते गेल्यावर तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि पेशी फोडल्या.

जनुक झोपलेलं होतं. औषध का चाललं नाही, हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

तिने निबंध मागे घेतले, पहिला आणि त्याच्यावर उभे असलेले सगळे. त्या जागी अर्ध्या पानाची टीप छापायला दिली: पेशी कुणाच्या होत्या, कुठे मिसळल्या, कुणाच्या हातून मिसळल्या, आणि खऱ्या पेशींत काय दिसलं. कुणी तिचा दाखला दिल्याचं ऐकिवात नाही. अनोळखी माणसाच्या पेशींच्या बाटल्या तिने जंतुनाशकाने भरल्या आणि धुऊन उलट्या घातल्या. पेशी उबेत ठेवायच्या कपाटातला त्यांचा कप्पा दुसऱ्या कुणी घेतला.

रविवारी ती सवयीने तयार होऊन, चपला घालून दाराशी उभी राहिली. मग आठवलं. चपला न काढताच खुर्चीत बसली. ती निवृत्त झाली होती. खोलीचा फोन आता तिचा नव्हता, घरचा नंबर तिने भावोजींना दिला होता. दुपार टळल्यावर तो वाजला.

भावोजी जरा अडखळले. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं असावं.

"तू खाल्लंस का?"

"नाही अजून."

"मग ठेव काहीतरी चुलीवर. मी थांबतो फोनवर."

धाकटीने फोन ओट्यावर ठेवला, भांडं घेतलं आणि नळ सोडला. पलीकडे भावोजी खोकले.